सालईचा डिंक, हळदीची कॅप्सूल आणि दुखरे सांधे

तापीच्या उत्तर तीरावरील बऱ्हाणपूर नकाशावर मध्य प्रदेशात आहे; परंतु भुसावळहून खांडव्याकडे निघालेल्या गाडीतील प्रवाशाला रावेर मागे पडून राज्य बदलल्याचे सहसा जाणवतही नाही. केळीच्या बागा तशाच, बाजारातील बोलीचा खानदेशी हेल तसाच. मुघलकालीन वास्तू, यंत्रमाग आणि केळी यांसाठी हे शहर ओळखले जाते. त्याची आणखी एक ओळख मात्र क्वचितच सांगितली जाते. येथे आयुर्वेदाचे शासकीय महाविद्यालय आहे आणि युनानी वैद्यकाचे सैफिया हमीदिया तिब्बिया महाविद्यालयही आहे. आसपासच्या सातपुड्याच्या कोरड्या रानात सालईचे वृक्ष आढळतात, तर खालच्या काळ्या जमिनीत केळीच्या जोडीने हळदही घेतली जाते. सांधेदुखीवरचा ‘नैसर्गिक’ उपाय म्हणून जगभर खपणाऱ्या दोन प्रमुख वनस्पती अशा एकाच जिल्ह्यात भेटतात.

सालई वर्तमानपत्राच्या वाचकाला अगदीच परकी नाही. याच जिल्ह्यातील नेपानगरचा कागद कारखाना १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला आणि तेथे सालई व बांबू यांच्या लगद्यापासून वृत्तपत्राचा कागद तयार होऊ लागला. ज्या झाडाच्या लाकडावर एके काळी बातम्या छापल्या गेल्या, त्याच झाडाचा डिंक आज डबीत भरून औषधालयाच्या काचेच्या कपाटात बसला आहे. खोडाला खाच पाडून पाझरू दिलेला हा सुगंधी डिंक पूर्वी मुख्यतः धूप म्हणून जाळला जाई. आयुर्वेद त्याला शल्लकी म्हणतो, युनानी हकीम कुंदुर. आता त्यातील बोस्वेलिक आम्ले वेगळी काढून, प्रमाणित करून, हळदीच्या अर्काशी किंवा ग्लुकोसामाइनशी त्यांची जोडी जमवून ‘सांध्यांचे पोषण’ या नावाखाली ती विकली जातात. बऱ्हाणपूरच्या बाजारात ती मिळतात, तशीच पणजी, मडगाव आणि म्हापशातही.

या गोळ्या निरुपयोगी आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नागपूरच्या संशोधकांनी २००३ साली गुडघ्याच्या झिजेच्या ३० रुग्णांवर शल्लकीच्या अर्काची चाचणी प्रसिद्ध केली. खरा अर्क कोणाला आणि नुसती दिखाऊ गोळी कोणाला, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. अर्क घेणाऱ्यांचे दुखणे व सूज कमी झाली आणि चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरण चित्रात मात्र काही फरक पडला नाही. दुष्परिणाम नोंदले गेले ते पोटाच्या किरकोळ तक्रारींचे. या चाचणीची मर्यादा उघड आहे. ३० माणसांत न दिसलेला दुष्परिणाम ३०,००० माणसांत दिसू शकतो.

याहून बरीच मोठी चाचणी पुण्याच्या संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांची. पुणे, मुंबई आणि दिल्ली येथील गुडघेदुखीचे ४४० रुग्ण त्यांनी चार गटांत विभागले. दोन गटांना आयुर्वेदिक मिश्रणे देण्यात आली. सुंठ, गुळवेल व आवळा यांवर आधारलेल्या या मिश्रणांपैकी एकात शल्लकीही होती. तिसऱ्या गटाला ग्लुकोसामाइन आणि चौथ्याला सेलेकॉक्सिब ही रूढ वेदनाशामक गोळी मिळाली. चोवीस आठवड्यांनंतर चारही गटांचा आराम जवळजवळ सारखा निघाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आयुर्वेदाच्या बाजूने अभिमानाने सांगितला गेला, आणि ते योग्यच होते. त्याच निबंधातील दुसरे निरीक्षण मात्र फारसे कोणी सांगत नाही. आयुर्वेदिक मिश्रण घेणाऱ्यांपैकी सात जणांच्या रक्तात एसजीपीटी हे यकृताचे विकर वाढले होते. त्यांना कोणताही त्रास जाणवत नव्हता, डोळे पिवळे झाले नव्हते, भूक गेली नव्हती. त्यांचे औषध थांबवण्यात आले आणि विकराची पातळी पूर्ववत झाली. संशोधकांनी ही बाब लपवली नाही. सुरक्षिततेचा अधिक तपास व्हावा, असे त्यांनी स्वतःच लिहिले.

त्या सात जणांचे रक्त तपासले गेले, कारण ते चाचणीत होते. औषधालयातून डबी घेऊन घरी जाणाऱ्या माणसाचे रक्त कोण तपासणार?

हळदीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. स्वयंपाकघरातील हळद आणि कॅप्सूलमधील हळद यांचे नाव एक असले, तरी मात्रा फार वेगळी असते. हळदीच्या पुडीत कुरकुमिन साधारण तीन टक्के, म्हणजे एक ग्रॅम हळदीत ३० मिलिग्रॅमच्या आसपास. बाजारातील अनेक कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क असतो आणि त्याचा ९५ टक्के भाग कुरकुमिनगटाचा असतो. अशी एक कॅप्सूल म्हणजे सुमारे १५ ग्रॅम हळद. दिवसाला दोन घेतल्या, तर ३० ग्रॅम, आणि तीही रोज, महिनोन् महिने. एवढी हळद कोणत्याही घरच्या आमटीत पडत नाही.

तरीही कुरकुमिन बराच काळ निरुपद्रवी ठरले, त्याचे एक कारण म्हणजे ते शरीरात फारसे शोषलेच जात नाही. आतडे आणि यकृत त्याला झटपट रूपांतरित करून बाहेर काढतात. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी या अडथळ्यावर उपाय दाखवला. दोन ग्रॅम कुरकुमिनबरोबर काळ्या मिरीतील पिपरिन हे द्रव्य केवळ २० मिलिग्रॅम दिले, तर माणसाच्या रक्तातील कुरकुमिनची उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. तेव्हापासून मिरीचा अर्क ही हळदीच्या गोळीची जाहिरातयोग्य खूण बनली. पिपरिन हे काम करते ते यकृताची सफाईची यंत्रणा काही काळ मंदावून. ती मंदावल्यावर रक्तात फक्त कुरकुमिनच वाढते असे नाही. अपस्मारावरील फेनिटॉइन, रक्तदाबावरील प्रोप्रानोलोल, दम्यावरील थिओफिलिन यांसारख्या औषधांची पातळीही वाढू शकते. डबीवर ‘शोषण वीसपट’ असे लिहिलेले असते. कशाकशाचे शोषण, ते लिहिलेले नसते.

इटलीत २०१९ साली हळदीची पूरके घेणाऱ्यांमध्ये काविळीसारख्या यकृतदाहाचे रुग्ण एकापाठोपाठ नोंदले गेले आणि तेथील आरोग्य खात्याने लोकांना सावध केले. अमेरिकेतील औषधजन्य यकृतइजेची नोंद ठेवणाऱ्या संस्थाजालाने पुढे अशा दहा रुग्णांचा सविस्तर अभ्यास मांडला. दहांपैकी पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावला. सात उत्पादने रासायनिक कसोटीवर तपासली असता सातांतही हळद सापडली. तिघांत मिरीचे पिपरिनही होते. सर्वांत लक्षवेधी बाब जनुकांची होती. दहांपैकी सात रुग्णांच्या अंगी एचएलए-बी ३५:०१ हा एकच जनुकप्रकार आढळला. सामान्य लोकांत तो त्या मानाने पुष्कळ कमी जणांत असतो. शेजारणीला जी गोळी दोन वर्षे मानवली, ती आपल्याला दोन महिन्यांत का बाधली, याचे उत्तर येथे मिळते. अशी इजा मात्रेच्या साध्या हिशेबाने चालत नाही. ती ज्याच्या त्याच्या शरीराच्या ठेवणीवर ठरते. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकानेही २०२३ साली अशा १८ तक्रारींचा हवाला देत इशारा प्रसिद्ध केला. त्यांतील एका रुग्णाचा मृत्यू झाला होता.

ही इजा बहुधा गोळी सुरू केल्यावर एक ते चार महिन्यांनी दिसू लागते. आधी मळमळ, अन्नावरची वासना जाणे, थकवा, अंगाला खाज. मग लघवी गडद होते आणि डोळे पिवळे दिसू लागतात. बहुसंख्य रुग्ण गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात. इतका काळ लोटलेला असल्यामुळे रुग्णाच्या मनात त्या दोन गोष्टींची सांगड मात्र बसत नाही.

आमवाताच्या रुग्णापुढील खरा पेच येथे सुरू होतो. आमवात, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेनेच सांध्यांवर हल्ला चढवणारा जुनाट आजार. त्यावर मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदा दिले जाते. ते यकृताला त्रासदायक ठरू शकते, म्हणूनच ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते. आता असे समजा, की औषध चांगले लागू पडले आहे, बोटांची सूज उतरली आहे, सकाळी उठल्यावर हात आखडणे थांबले आहे. मग कोणी नातलग प्रेमाने हळद-मिरीच्या कॅप्सूल आणून देतो. तीन महिन्यांनी तपासणीत यकृताची विकरे वाढलेली दिसतात. डॉक्टर विचारतात, ‘दुसरे काही औषध घेता का?’ रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी ती कॅप्सूल हे औषध नसते, खाणे असते. संशय मेथोट्रेक्सेटवर जातो, ते बंद होते आणि काही आठवड्यांत सांधे पुन्हा सुजतात. कॅप्सूल चालूच राहते. झिजलेला सांधा मागे येत नाही. आमवातात वाया गेलेले सहा महिने कायमचे वाया गेलेले असू शकतात. पूरकाने केलेल्या थेट अपायापेक्षा, त्याच्यामुळे लागू पडणारे औषध हातचे जाणे हा अपाय कधी कधी मोठा ठरतो, आणि त्याची नोंद कोणत्याही आकडेवारीत होत नाही.

याचा अर्थ मेथोट्रेक्सेटच्या रुग्णाने सर्वच पूरके टाळावीत, असा नाही. त्याच्याबरोबर दिले जाणारे फॉलिक आम्ल हेही पूरकच आहे आणि ते तोंड येणे, मळमळ व यकृताचा त्रास कमी करते. ते स्वतःहून बंद करणे हीदेखील चूकच.

गुळवेलीची बाब महाराष्ट्राला जवळची आहे. कोविडच्या साथीत प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत यकृतइजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांच्या नजरेस आले, डॉ. आभा नगरल व सहकाऱ्यांनी त्यांचा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध केला. यकृताच्या तुकड्यात दिसणारे चित्र स्वयंप्रतिकारी यकृतदाहासारखे होते. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष नाकारला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, असा प्रश्न मंत्रालयाने उपस्थित केला. प्रश्न रास्त होता. पुढे देशातील १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला, तेव्हा चित्र पुष्कळसे तसेच राहिले. वाद पूर्णपणे मिटलेला नाही. परंतु आमवाताच्या रुग्णासाठी त्यातील एक धागा महत्त्वाचा आहे. ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःच्या शरीरावर उलटली आहे, त्याने तिला आणखी चेतवणारे द्रव्य घ्यावे काय? ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हे वाक्य सर्दीपडशाच्या माणसाला आश्वासक वाटेल. आमवात किंवा ल्युपसच्या रुग्णाला दिली जाणारी बहुतेक औषधे मात्र नेमकी तीच शक्ती आवरण्यासाठी दिलेली असतात. ल्युपसच्या रुग्णांना अल्फाल्फाचे मोड व गोळ्या टाळण्यास सांगितले जाते, तेही याच कारणासाठी.

रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेणाऱ्यांची गोष्ट याहून तातडीची. न्यूझीलंडमध्ये वॉर्फरिनवर स्थिर असलेल्या एका रुग्णाने हळदीचे पूरक सुरू केले आणि काही आठवड्यांत त्याचा आयएनआर १० च्या वर गेला. सामान्यतः तो दोन ते तीनच्या दरम्यान राखला जातो. दहाच्या वर म्हणजे रक्तस्रावाचा गंभीर धोका. ग्लुकोसामाइन आणि शल्लकी यांच्याबाबतही वॉर्फरिनचा परिणाम वाढल्याच्या नोंदी आहेत. हृदयाची झडप बदललेल्या किंवा पायात रक्ताची गुठळी झालेल्या माणसाचा गुडघाही दुखतोच, हे विसरून चालत नाही.

ग्लुकोसामाइनविषयी गोव्याच्या वाचकाला आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. ते बहुतेक वेळा कोळंबी व खेकड्यांच्या कवचांपासून बनवले जाते. सुंगटे किंवा कुर्ल्या खाल्ल्यावर ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, त्यांनी डबीवरील बारीक अक्षरे वाचावीत. ही ॲलर्जी मुख्यतः मांसातील प्रथिनांची असते, कवचाची नव्हे, त्यामुळे प्रत्येकाला त्रास होईलच असे नाही. पण पूर्वी श्वास कोंडण्याइतकी तीव्र प्रतिक्रिया आलेल्याने ही परीक्षा स्वतःवर घेऊ नये. शिवाय १,५८३ रुग्णांवरील २००६ च्या अमेरिकी चाचणीत ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन एकंदरीत दिखाऊ गोळीहून सरस ठरले नव्हते, हेही खर्च करण्यापूर्वी लक्षात घेण्याजोगे आहे. माशाच्या तेलाने आमवातात थोडा उपयोग होतो. मात्र मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते.

बऱ्हाणपूरच्या युनानी परंपरेकडे वळल्यास सुरंजान समोर येते. सांधेदुखीवरील युनानी योगांत ते शतकानुशतके वापरात आहे. सुरंजानच्या कुळातील वनस्पतींतूनच आधुनिक वैद्यकाला कोल्चिसिन मिळाले, जे आजही गाऊटवर दिले जाते. म्हणजे हकिमांची पारख खरी होती. कोल्चिसिनची उपकारक मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर मात्र फार थोडे. मूत्रपिंड अशक्त असलेल्याला, किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असलेल्याला, ते अंतर आणखी कमी होते. जुलाब, उलट्या ही पहिली खूण असते आणि पुढे अस्थिमज्जेवर घाला येतो. जाणत्या हकिमाच्या हाती जे औषध आहे, ते परस्पर मागवलेल्या चूर्णात अंदाजाचा खेळ बनते. गुग्गुळाचेही तसेच. त्याने काहींच्या अंगावर पुरळ येते, पोट बिघडते. आणि डिल्टियाझेम व प्रोप्रानोलोल या हृदयाच्या औषधांचे शोषण तो घटवतो, हे भारतीय संशोधकांनी १९९४ सालीच दाखवून दिले होते.

आतापर्यंतची चर्चा डबीवर जे लिहिले आहे तेच आत आहे, असे धरून झाली. आठवडी बाजारात, देवस्थानाबाहेर किंवा ओळखीतून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत ही खात्री नसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ साली ‘आर्ट्री किंग’ या सांध्यांच्या ‘नैसर्गिक’ पूरकाविषयी वारंवार इशारे दिले, कारण त्यात डायक्लोफिनॅक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड लपवलेले आढळले. स्टेरॉइड घातलेले चूर्ण दोन दिवसांत जादू करते. वर्षानुवर्षांची सूज ओसरते, भूक लागते, उत्साह वाटतो, आणि घेणारा इतरांनाही ते सुचवतो. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, साखर व रक्तदाब वाढतो, कातडी पातळ होऊन सहज काळी-निळी पडते, हाडे ठिसूळ होतात.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे, आणि ती वर सांगितलेल्या सल्ल्याच्या उलट वाटू शकते. हळदीच्या किंवा गुळवेलीच्या गोळीनंतर कावीळ दिसली, तर गोळी त्याच दिवशी थांबवावी. पण चटकन गुण देणारे अनोळखी चूर्ण महिनोन् महिने घेतले असेल, तर ते घरच्या घरी एकदम बंद करू नये. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने शरीराच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे काम सोडून देतात. पुरवठा अचानक तुटला, तर रक्तदाब कोसळणे, उलट्या, भोवळ, प्रसंगी जीवावर बेतणे असे घडते. अशा वेळी चूर्णाची पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि त्यांच्या देखरेखीखाली मात्रा उतरवावी.

कायद्याची घडी अशी आहे, की हळदीचा तोच अर्क एका डबीत अन्न म्हणून आणि दुसऱ्या डबीत आयुर्वेदिक औषध म्हणून विकला जाऊ शकतो. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरकावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो आणि ते औषधी वापरासाठी नसल्याची सूचनाही छापावी लागते. डबीच्या दर्शनी बाजूवर हसतमुख आजोबा जिना चढताना दिसतात आणि मागील बाजूस ही सूचना असते. संधिवात बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात तर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानेच निषिद्ध आहे. त्या कायद्याच्या अनुसूचीत संधिवाताचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘बरा करते’ न लिहिता ‘सांध्यांना आधार देते’ असे लिहिले, की जाहिरात सुटते.

डॉक्टरांकडे जाताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर घरातील सर्व डब्या, चूर्णे, काढ्याची पाकिटे एका पिशवीत भरून नेणे हा सर्वांत उपयोगी उपाय आहे. नवीन पूरक सुरू करायचेच असेल, तर आधी यकृताची तपासणी करून घ्यावी आणि ती सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करावी, म्हणजे पुढे तुलना करता येते. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करावी. तीन एकदम सुरू केल्या, तर दोषी कोण ते कळत नाही. वैद्य किंवा हकीम यांच्याकडे जातानाही ॲलोपॅथीच्या गोळ्या दाखवाव्यात. लपवाछपवी दोन्ही बाजूंनी होते.

दुष्परिणाम झाला, तर त्याची नोंद करण्याची सोय देशात आहे. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत औषधसुरक्षा कार्यक्रम चालतो आणि १८००-१८०-३०२४ हा त्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. आयुर्वेद, युनानी आदी औषधांसाठी २०१८ पासून स्वतंत्र यंत्रणा असून तिचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. तक्रार डॉक्टरांनीच करावी, असे बंधन नाही. रुग्ण किंवा त्याचे नातलगही अर्ज भरू शकतात, आणि ग्राहकांसाठीचा तो अर्ज मराठीतही उपलब्ध आहे. त्यात उत्पादनाचे नाव, तुकडी क्रमांक, सुरू केल्याची व थांबवल्याची तारीख विचारलेली असते. म्हणून त्रास सुरू झाल्यावर रागाच्या भरात डबी कचऱ्यात टाकू नये.